एकेचाळीस ऑर्डरी

आल्टो जंक्शन, मिशिगन
११ मार्च २०१९

कर्टिस,

तू फोन उचलत नाहीस. ईमेल पाठवली तर न वाचताच पुसशील, हे तीस वर्षं तुझी बहीण असल्याने मला ठाऊक आहे. म्हणून कागद. फाडायचा असेल तर वाचून फाड.

संचालकांची बैठक चार तारखेला झाली. आमच्या मॅनेजरने, ग्लेन ट्रेगेअरने, तुला अहवाल पाठवला असेलच. पान तीनवर तुझं नाव आहे: ‘सर्व्हर बसवणाऱ्या व्यक्तीने कोणत्याही लेखी सूचना मागे ठेवल्या नाहीत.’ हे वाक्य माझं नाही. मला प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली, लिहून घेणाऱ्याने त्याच्या भाषेत लिहिलं. तुझ्याविरुद्ध बोलायला म्हणून मी तिथे गेले नव्हते. जायचं होतं कुणाला? बाहेर बर्फ पडत होतं आणि आत नऊ म्हातारे माझ्याकडे असे बघत होते की जणू म्हाताऱ्या साइमा रुओनाला मीच ढकलून दिलं.

पण तू तरी हात झटकून मोकळा होऊ नकोस. सतरा सालच्या शरदात तू महिनाभर घरी आलास, आणि आल्या आल्या घरोघरच्या टाक्या भरणाऱ्या आमच्या गॅस सहकारी संस्थेतला जुना कारभार बघून नाक मुरडलंस. “डोरीन, हे तक्ते आहेत की तुरुंग? एका गिऱ्हाईकाच्या अंगणात दोन टाक्या, दुसऱ्याकडे चावरा कुत्रा, तिसऱ्याच्या फाटकाला कुलूप. आणि तुम्ही सगळ्यांना त्याच सात रकान्यांत कोंबताय!” मग तू तो नवा डेटाबेस आणलास, नो-एसक्यूएल का काय तो, ज्यात प्रत्येक गिऱ्हाईकाची नोंद म्हणजे आपापलं एक पाकीट, ज्यात जे हवं ते घाला. ड्रायव्हर खूश, ग्लेन खूश. पाच हजार घरं त्यात गेली. खोटं कशाला बोलू, मलाही आवडलं.

तू संचालकांना सांगितलंस, तीन मशीन लागतील. एक मुख्य, दोन त्याच्या नकला. मुख्य पडलं तर बाकीची दोन मत देऊन नवं मुख्य निवडतील. त्यांनी तीन मंजूर केली. बसवलीस किती? एक इथे ऑफिसात, एक वर पॉइंट वस्तीजवळच्या उत्तर डेपोत. आणि तिसरं म्हणून डेपोतल्याच एका जुन्या डबड्यावर तू नुसता मत देणारा बसवलास. त्याच्याकडे एकही नोंद नाही, फक्त हात वर करायचा. मी विचारलं तर म्हणालास, “आत्ता चालेल. वसंतात येऊन खरं बसवतो.” तो वसंत गेला, दुसरा दारात आला. तू डेन्व्हरला गेलास आणि इथला कारभार माझ्या गळ्यात टाकलास. मी ऑर्डरी घेणारी बाई. मला सर्व्हर म्हणजे उपाहारगृहातला वाढपी एवढंच माहीत होतं.

तुझ्या पान तीनबद्दल मला वाईट वाटतं. पण एवढंच.

डोरीन

*

२ एप्रिल

कर्टिस,

तीन आठवड्यांत तुझी एकच ओळ आली, तीही पोस्टकार्डावर. ‘वही कुठे आहे?’

कसली वही? तू जाताना इतके कागद सोडून गेलास, इतकी बिलं, इतक्या वायरी. वही असेलही त्यात. मी काही तुझ्या खोक्यांची राखणदार नाही.

त्यापेक्षा त्या दिवशी काय झालं ते ऐक. अहवालात आहे ते शहाण्या माणसांनी लिहिलंय, म्हणजे त्यात कुणी बोलत नाही.

२९ जानेवारी, मंगळवार. पारा शून्याखाली बावीस. पहाटेपासून फोन वाजत होते, आम्ही तिघी बायका कानाला रिसीव्हर लावून ऑर्डरी भरत होतो. साडेआठपासून उत्तर डेपोचं मशीन मागे पडायला लागलं. मनोऱ्यावरच्या अँटेनावर बर्फ चढलं होतं, दुवा रडतखडत चालत होता. नऊला डेपो आपल्यापेक्षा अर्धा तास मागे, अकराला अडीच तास. मला ते पडद्यावर दिसत होतं. लाल अक्षरांत.

हे मी संचालकांना सांगितलं नाही, तुला सांगते.

मी ते बघितलं आणि फोन घेत राहिले. काय करणार होते? लोकांच्या घरातलं बाळ गारठलंय आणि मी त्यांना सांगू, थांबा हं, आमची नक्कल मागे पडलीय?

अकरा चाळीसला ऑफिसची वीज गेली. खालच्या बॅटऱ्या जुन्या, चार मिनिटांत मशीन बंद. तिकडे डेपोत वीज होती. डेपोच्या मशीनने बघितलं, मुख्य गायब. त्याने हात वर केला, तुझ्या त्या रिकाम्या डबड्याने हात वर केला, दोन मतं झाली, आणि साडेआठच्या पुढचं काहीही ठाऊक नसलेलं मशीन मुख्य झालं. ड्रायव्हरांचे टॅबलेट त्याला जोडले गेले, नव्या नोंदी तिथे होऊ लागल्या. साडेबाराला आमची वीज आली. आमचं मशीन उठलं, डेपोकडे बघितलं, आणि आपल्याजवळच्या जास्तीच्या नोंदी मुकाट्याने उचलून बाजूला ठेवल्या. तू याला रोलबॅक म्हणतोस. मुख्य म्हणेल ते खरं, बाकी सगळं मागे फिरवायचं. साडेआठ ते अकरा चाळीस. एकेचाळीस ऑर्डरी. पडद्यावर सगळं हिरवं.

आणि आमच्या तिघींना त्या प्रत्येक ऑर्डरीनंतर ‘नोंद झाली’ असं दिसलं होतं. एका मशीनने लिहून घेतलं की झाली म्हणायचं, दुसऱ्याची वाट बघायची नाही. हे कुणी ठरवलं होतं, कर्टिस? मी?

बुधवारी सकाळी एडी वेर्बा ट्रक भरायला आला आणि टॅबलेट माझ्या टेबलावर ठेवला. एडी म्हणजे पॉइंटच्या रस्त्याचा ड्रायव्हर. तू शाळेत असताना ज्याचा दात पाडलास तोच.

“डोरीन, आज मला पॉइंटच्या रस्त्याला एकच घर? या थंडीत? लोक काय एकमेकांना मिठ्या मारून झोपायला लागले?”

मी हसले. मग हसू गेलं. दहा वाजेपर्यंत मला मशीनच्या लॉगमध्ये ती रोलबॅकची ओळ सापडली, आणि तो फोल्डरही सापडला ज्यात मशीनने टाकून दिलेलं ठेवलं होतं. म्हणजे नोंदी मेल्या नव्हत्या. त्या तिथेच होत्या, माझ्यासमोर, एका फाइलीत. पण उघडली तर नुसती किडामुंगीसारखी अक्षरं.

तुला फोन का केला नाही, असंच विचारशील.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला, आई, मामा, मामी, सगळ्यांसमोर तू टर्कीचा तुकडा तोंडात असताना म्हणालास, “डोरीन सर्व्हर सांभाळते म्हणजे मांजर दूध सांभाळतं.” सगळे हसले. आईसुद्धा. तू तर विसरलाही असशील.

म्हणून नाही केला.

डोरीन

*

२८ एप्रिल

कर्टिस,

तुझं उत्तर नाही. बरं.

काल साइमाला भेटून आले. मार्केट शहरातल्या वृद्धाश्रमात आहे, दुसऱ्या मजल्यावर, खिडकी गाड्या लावायच्या जागेवर उघडते. मी वेलदोड्याची निसू, ती फिनिश गोड पावरोटी, भाजून नेली होती. तिने एक तुकडा खाल्ला आणि म्हणाली, “तुझ्या आईच्या हाताची नाही.” माझ्याच हाताची होती म्हटलं. “तेच म्हणतेय मी,” म्हणाली. जीभ अजून तशीच आहे.

तुला तिची बस आठवते का? तू कायम पहिल्या बाकावर, तिच्या पाठीमागे. ती सत्तावीस वर्षं पॉइंटच्या रस्त्यावर शाळेची बस चालवत होती आणि एकाही हिवाळ्यात एकही मूल तिने रस्त्यावर ताटकळू दिलं नाही. तू दुसरीत बसमध्ये ओकलास, तिने स्वतःच्या टोपीने पुसलं आणि घरी कुणाला सांगितलं नाही. मला माहीत आहे, कारण मी मागच्या बाकावर होते.

अहवालात ‘एक वयोवृद्ध सभासद’ एवढंच आहे. आता नीट ऐक.

मंगळवारी दहा वाजून दहा मिनिटांनी तिचा फोन माझ्याकडेच आला. आवाज शांत.

“डोरीन का गं? टाकीचा काटा पाचावर आलाय. घाई काही नाही. एडीला सवडीने येऊ दे, त्याची पाठ बरी नसते.”

“नोंद केली, साइमा. उद्या येतोच तो.”

“आई बरी आहे?”

“बरी आहे.”

“आणि कर्टिस?”

“तो काय, मोठा माणूस झालाय.”

“लहानपणीच होता,” म्हणाली आणि फोन ठेवला.

बुधवारी कळलं की ऑर्डरी गेल्यात, तेव्हा आम्ही तिघी कागद घेऊन बसलो. आठवतील ती नावं लिहायची, म्हणजे ट्रक तरी निघतील. मला बारा आठवली. जे माझ्यावर ओरडले होते ते सगळे आठवले. एकाने मला गाढवीण म्हटलं होतं, त्याचा घर क्रमांकसुद्धा आठवला. दिवसभरात आणखी बरेच जण स्वतःच फोन करून शिव्या घालत राहिले, तेही लिहिले गेले. साइमा ओरडली नव्हती. तिने परत फोनही केला नाही. मी ‘उद्या’ म्हणाले होते ना, मग ती उद्याची वाट बघत बसली.

बुधवारी दुपारी तिची घर तापवणारी भट्टी विझली. तिने कुत्र्याला घेतलं, गोधड्या घेतल्या आणि मागच्या अंगणातल्या साउनाच्या खोपटात जाऊन राहिली. तिथे लाकडाची चूल आहे. रात्र तशी काढली. गुरुवारी सकाळी लाकडं आणायला बाहेर पडली आणि पायरीवर घसरली. खुबा मोडला. सरपटत उंबऱ्यापर्यंत आली, दार ओढून घ्यायचं बळ राहिलं नाही. एडी गुरुवारी दोनच्या सुमाराला पोचला तेव्हा ती अर्धी आत, अर्धी बाहेर. कुत्रा तिच्या पायांवर झोपलेला.

एडी सांगतो, ती त्याला म्हणाली, “तुला वेळ लागला. रस्ता खराब होता का?”

डाव्या हाताची दोन बोटं काढावी लागली. घरातले नळ फुटून तळघरापर्यंत बर्फ. ते घर आता राहण्याजोगं नाही. काल मी तिला म्हटलं, साइमा, चूक आमची होती, तुझी ऑर्डर आमच्याकडून हरवली.

“मी परत फोन करायला हवा होता,” ती म्हणाली. “माणसं कामात असतात.”

मी म्हटलं, नाही, तसं नाही.

“अगं, मी सत्तावीस वर्षं बस चालवली. मूल फाटकात दिसलं नाही तर मी भोंगा वाजवायचे. वाजवायला हवा होता ना भोंगा?”

आणि मग मला निसू परत डब्यात भरून दिली, घरी घेऊन जा म्हणून.

घरी येताना मध्येच गाडी बाजूला लावून बसले होते. हे तुला का सांगतेय ठाऊक नाही.

डोरीन

*

२० मे

कर्टिस,

वही माझ्याकडे आहे.

निळ्या पुठ्ठ्याची, पहिल्या पानावर तुझ्या त्या शाळकरी अक्षरात ‘डोरीनसाठी’. चौतीस पानं. थँक्सगिव्हिंगनंतर मी ती ऑफिसच्या सगळ्यात खालच्या खणात, जुन्या कॅलेंडरांखाली टाकली आणि ठरवलं की हिच्याशिवाय चालवून दाखवीन. जानेवारीत ती बुधवारी दिवसभर माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर होती. मी इंटरनेटवर अनोळखी लोकांना विचारत होते. डेन्व्हरचा नंबर तोंडपाठ असताना मी पोलंडच्या कुणा माणसाला लिहीत होते की ही फाइल कशी उघडायची. त्याने विचारलं, ज्याने बसवलं त्याला विचारलं का? मी उत्तर दिलं, तो उपलब्ध नाही.

गुरुवारी बारा वाजता हरले आणि खण उघडला. पान एकोणीस. ‘मशीन परत आल्यावर काही नोंदी टाकून दिल्या तर घाबरू नकोस. त्या या फोल्डरात असतात. हा आदेश दे, वाचता येतील अशा होतील. मग एकेक तपासून परत भर. अडलं तर कितीही वाजता फोन कर.’

चार मिनिटं लागली. चार. एकेचाळीस नावं पडद्यावर आली, त्यातली तेहतीस तोवर आम्ही कशीबशी भरली होती. उरलेल्या आठांत तिसरं नाव रुओना, साइमा. टाकी पाच टक्के. ‘घाई नाही’ असं मीच टिपणात लिहिलं होतं.

बुधवारी दहाला खण उघडला असता किंवा तुला फोन केला असता तर बारापर्यंत एडी तिच्या अंगणात असता. भट्टी विझायच्या आधी. हे गणित मी इतक्या वेळा केलंय की आता त्याने काही होतही नाही.

संचालकांच्या बैठकीत ग्लेनने विचारलं, “कर्टिसने काही लिहून ठेवलं होतं का?” सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, “नाही.” एवढंच. वाक्य त्यांनी बनवलं, हे पहिल्या पत्रात लिहिलं ते खरंच आहे. त्यांना लागलेला शब्द मी दिला.

तुझी विस्कॉन्सिनची दोन्ही कामं त्या अहवालामुळे गेली, हे मामीकडून कळलं. तिथल्या सहकारी संस्था आमच्यासारख्याच, एकमेकांचं सगळं एकमेकांना कळतं.

गेल्या सोमवारी वही घेऊन ग्लेनच्या खोलीत गेले. दार लावलं. सगळं सांगितलं. त्याने वही चाळली, एकोणिसाव्या पानावर थांबला, चष्मा काढला.

“हे आणखी कुणाला माहीत आहे?”

“तुला. आणि त्याला.”

“डोरीन, विमा कंपनीने प्रकरण मिटवलंय. साइमाच्या भाचीने सही केली. आता तू ही वही टेबलावर ठेवलीस की सगळं पुन्हा उघडणार.”

“उघडू दे.”

“आणि मग काय? म्हातारीची बोटं उगवणार आहेत? तिकडे त्याला दहा कामं मिळतील. तुला या गावात दुसरं कोण घेणार? आणि तू गेलीस तर ते यंत्र कोण चालवणार, मी?” मग आवाज खाली आणून म्हणाला, “शिवाय त्याने तीन सांगून दोन बसवली, हे खोटं आहे का?”

“नाही.”

“मग झालं तर. त्याच्याही अंगाला थोडं लागलं.”

त्याने वही माझ्या हातात परत दिली. आणि कर्टिस, मी ती घेतली. मला वाटलं होतं मी ओरडेन, टेबलावर आपटेन. मी ती पिशवीत घातली आणि साडेतीनचे फोन घ्यायला गेले.

दुसऱ्या दिवशी वहीच्या सगळ्या पानांच्या प्रती काढल्या आणि विस्कॉन्सिनच्या दोन्ही सहकारी संस्थांना पाठवल्या, वर सहीनिशी पत्र जोडून की सूचना होत्या, मी लपवल्या. एकीकडून उत्तर नाही. दुसरीने लिहिलंय: प्रामाणिकपणाबद्दल आभार, आम्ही एप्रिलमध्येच दुसरा माणूस नेमला.

तुझं ते तिसरं मशीन मी अजूनही माफ केलेलं नाही. तूही मला करू नयेस.

डोरीन

*

१८ जुलै

कर्टिस,

परवा फोनवर बोललो, तरी हे लिहितेय. कारण फोनवर जे बोललो ते सगळं मशीनबद्दल होतं.

तुला नवल वाटलं असेल की मी फोन केला. तिसरं मशीन, खरं तिसरं, जूनमध्ये आलं. जुलैत लोक हिवाळ्याच्या टाक्या आधीच भरून ठेवतात, त्या गर्दीच्या आत ते उभं करायचं होतं. नवं मशीन मुख्याकडून सगळा माल उतरवून घ्यायला लागायचं, पाच-सहा तास छान चालायचं, आणि शेवटी मान टाकून पहिल्यापासून सुरू. दोनदा तसं झालं. परवा सकाळी तिसऱ्यांदा झालं तेव्हा मी घड्याळ बघितलं आणि दहा मिनिटांच्या आत तुझा नंबर फिरवला. ऑफिसच्या फोनवरून. माझा बघून उचलला नसतास.

“बोल,” म्हणालास. मी ‘हॅलो’ म्हटलं, तू आवाज ओळखलास आणि मग परत, “बोल.”

मी सांगितलं.

“पोर्ट?”

“उघडा आहे. दोन्हीकडून तपासला.”

“डेपोच्या मशीनला नवं नाव ओळखता येतं?”

“येतं. तिन्हीकडून एकमेकांना हाक मारून बघितली.”

“डिस्क?”

“अर्ध्याहून जास्त रिकामी.”

मग म्हणालास, “लॉगमधली शेवटची ओळ वाच.” मी वाचली.

“हां. म्हणजे तू सगळं बरोबर केलंयस. बघ, नवं मशीन जुना माल उतरवत असताना इकडे बदल होत राहतात. ते बदल मुख्य एका यादीत ठेवतं, आणि यादी भरली की जुनं पुसून त्यावर लिहितं. ती यादी मी लहान ठेवली होती. तेव्हा एवढ्या ऑर्डरी नव्हत्या. नव्याचा माल उतरेपर्यंत त्याला हवं ते पान पुसलेलं असतं.”

“मग यादी मोठी करायची?”

“चौपट कर. मग नव्याला रिकामं करून पुन्हा सुरू कर. मी पाचला फोन करतो.”

मला वाटलं नव्हतं करशील. पाचला एक मिनिट कमी असताना फोन वाजला.

“काय दिसतंय?”

“अजून उतरवतंय. शेवटचे दोन संग्रह.”

“थांबतो,” म्हणालास.

आणि खरंच थांबलास. अकरा मिनिटं. तुझ्याकडे कुठेतरी कपबशी वाजली, कुणी लहान मूल ‘डॅडी’ म्हणालं आणि तू त्याला हळूच बाहेर जायला सांगितलंस. ते मूल केवढं झालं, मला माहीत नाही. मग पडद्यावर अवस्था बदलली. मी म्हटलं, “आलं. नक्कल म्हणून लागलं. एक सेकंदही मागे नाही.”

“आता ते मत देणारं काढून टाक.”

मी काढलं. एकच आदेश होता.

“काढलं.”

“ते मी लावायलाच नको होतं,” तू म्हणालास. इतक्या हळू की मला नीट ऐकू आलं का, हेही कळेना. मी “काय?” असं विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. मला वाटलं, विचारलं तर तू परत घेशील.

मग तू म्हणालास, “आणखी काही?”

आणि तू फोन ठेवला नाहीस. वाट बघितलीस. मला तुझा श्वास ऐकू येत होता.

मी म्हणाले, “नाही.”

“बरं,” म्हणालास, आणि ठेवलास.

साइमा गेली, कर्टिस. अकरा जूनला, सकाळी, छातीत पाणी होऊन. मी आणि एडी होतो. दफनाला तिच्या बसमधली साठ-सत्तर मुलं आली होती, म्हणजे आता टक्कल पडलेली, पोटं सुटलेली मुलं, आणि कुणी एकाने चर्चच्या दारात तुझी चौकशी केली. कर्टिस येणार आहे का, म्हणून. मी म्हटलं, त्याला जमलं नाही. मी तुला कळवलंच नव्हतं. महिना झाला. रोज ठरवते. वाटायचं की हे कळवायला मी कोण? मग वाटायचं, माझ्या तोंडून ऐकलंस तर तू म्हणशील, ‘तू मारलंस’. मग वाटायचं की म्हणणार नाहीस, आणि ते जास्त भयंकर.

गॅस सहकारी संस्थेने मोठा पुष्पगुच्छ पाठवला होता. कार्डावर सगळ्या कर्मचाऱ्यांच्या सह्या होत्या. माझीही होती. ती ग्लेनने परस्पर केली होती.

शेवटच्या आठवड्यात तिने तुझ्याबद्दल दोनदा विचारलं. पहिल्यांदा मी म्हटलं, तो येतोय. दुसऱ्यांदा तिनेच म्हटलं, “रस्ता खराब असेल.” जून महिना होता, कर्टिस. बाहेर डांबर उन्हाने मऊ झालं होतं.

तू विचारलंस, आणखी काही. हे होतं.

डोरीन